नुसते आभार

आमच्या इमारतीतले काका माझ्यावर पहिल्यांदा चिडले ते 'नुसते' या शब्दावरून. तेव्हा मी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. कंपनीच्या सुरक्षा सप्ताहाचा समारोप होता आणि आभारप्रदर्शन माझ्या गळ्यात पडलं, कारण सगळ्यांत नवीन मीच होते. कागदावर सगळं लिहून नेलं होतं. माइकसमोर उभी राहिले आणि प्रमुख पाहुण्यांचं नाव समोर दिसत असूनही तोंडातून निघेना. दोन वाक्यं पुटपुटून खाली आले. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तोवर लोक वड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते. मला जास्त रडू त्याचंच आलं.

घरी रडले असते तर आईने खोदून खोदून विचारलं असतं, म्हणून जिन्यात पायरीवर बसून रडत होते. पहिल्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घेऊन वर येत होते. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते स्वतः मोठ्याने बोलायचे.

"काय झालं गं?"

"कंपनीत बोलायचं होतं काका. नाही जमलं."

"भाषण होतं?"

"छे हो, भाषण कुठलं. नुसते आभार होते."

काकांनी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली. "नुसते? अगं, भाषण कोणीही ठोकतो. लोक आणून बसवलेले असतात समोर. आभाराच्या वेळी तेच लोक उठलेले असतात. कोणाला वड्याचा वास आलेला असतो, कोणाला चप्पल सापडत नसते. त्यांना उभ्या उभ्या थांबवायचं ही काय चेष्टा वाटली तुला? उद्यापासून ये माझ्याकडे."

मी गेले. न जाऊन करते काय, जिना एकच होता.

काका ठाण्याला पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झाले होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, एक पुतणी होती ती ठाण्याला माजिवड्याला राहायची. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. एरवी घरात बसून पेपर वाचावा अशा वयाचा हा माणूस संध्याकाळी कधी घरी सापडायचा नाही. डोंबिवलीत कार्यक्रमांना तोटा नाही. व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं, गुणवंतांचे सत्कार, कोणाची पंचाहत्तरी. अध्यक्ष व्हायला सगळे तयार असतात. दिवा लावायला तर इतके जण पुढे येतात की वात दिसत नाही. फक्त आभाराला कोणी तयार नसतं. काकांनी तेवढंच काम आयुष्यभर मागून घेतलं. लोक त्यांना आभारवाले काका म्हणायचे. कधी कौतुकाने, कधी हसून, आणि काकांना दोन्ही चालायचं.

त्यांची पद्धत विक्षिप्तच होती. कार्यक्रम सहाचा असला तर काका चारला हजर. सतरंजी कोणी झटकली, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला कोण गेलं, प्लग बसेना तेव्हा कोणी आपल्या घरची वायर आणून दिली, हे सगळं बघून ठेवायचे. लिहून काही घ्यायचे नाहीत. लक्षात राहत नसेल तर आभार मानायचा हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. 'ज्ञात-अज्ञात हात' हा शब्द उच्चारलेला त्यांना खपायचा नाही. म्हणायचे, अज्ञात हात पोलिसांच्या रिपोर्टात असतात, आपल्याकडे सगळ्यांना नावं आहेत. 'वेळात वेळ काढून आले' म्हटलं की विचारायचे, नाहीतर ते घरी काय करणार होते? आणि 'मी आपला फार वेळ घेणार नाही' असं एखादा वक्ता म्हणाला, की काका निवांत खिशातली बडीशेप काढायचे.

पण खरी गंमत पुढे. कार्यक्रम सुरू झाला की काका कानातलं मशीन काढायचे, एका डबीत ठेवायचे, डबी खिशात घालायचे आणि शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसून लोकांच्या माना बघत राहायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मशीनची बॅटरी संपली असेल.

"शब्द ऐकले की फसायला होतं," ते म्हणाले. "आवाज गोड असला की वाटतं भाषण झकास झालं. मान फसवत नाही. ऐकणाऱ्याची मान जरा पुढे येते. कंटाळलेला मानेवरून हात फिरवतो. टाळ्या सगळेच वाजवतात गं."

"मग आभारात वक्त्याबद्दल काय बोलता?"

"त्याच्याबद्दल मी कशाला बोलू? तो तासभर स्वतःबद्दलच बोललेला असतो."

मलाही मार्क मिळायचे ते असेच. महिला मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी मला आभाराला उभं केलं होतं. मी जीव तोडून बोलले. खाली आले तर काका म्हणाले, "चौथ्या रांगेपर्यंत पोचलीस. पुढच्या खेपेला दारापर्यंत जा." काय बोललीस, कसं बोललीस, याबद्दल एक अक्षर नाही. ऐकलंच नव्हतं तर सांगणार काय.

शिकवणीही अशीच. एका रविवारी ते मला स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेपाशी घेऊन गेले. त्या दिवशी रस्ता खणला होता, रिक्षा पलीकडच्या कोपऱ्यावरून सुटत होत्या आणि तरी लोक सवयीने जुन्याच जागी रांग लावून उभे होते. काका म्हणाले, "जा, सांग त्यांना." मी घसा साफ करून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "रिक्षा तिकडून सुटतायत." दोघातिघांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी परत आले.

"कोणाला सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"सगळ्यांना."

"म्हणजे कोणालाच नाही. एकाला सांग."

मी पुन्हा गेले. रांगेत एक बाई दोन जड पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, "मावशी, पिशव्या जड आहेत तुमच्या. रिक्षा त्या कोपऱ्यावरून सुटतायत, चला, एक पिशवी मी घेते." मावशी निघाल्या. त्यांच्यामागचा माणूस निघाला. बघता बघता सगळी रांग माझ्यामागून कोपऱ्यावर आली. मी वळून काकांकडे बघितलं, तर ते तिथेच उभे राहून हसत होते, आणि मावशी मला विचारत होत्या की तू रिक्षावाल्यांची कोण.

बोलणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बोलून झाल्यावर माणूस जागचा हलला पाहिजे. आज माझी नोकरी याच एका गोष्टीवर चालते. लॅबमधून मला सुरक्षा विभागात घेतलं, शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं बोलायचं काम दिलं, आता बाहेरच्या कंपन्याही बोलावतात. माझं बोलणं संपल्यावर टाळ्या पडतात की नाही ते मी बघत नाही. गॉगल कपाळावर आहेत की डोळ्यांवर, ते बघते.

काकांचा आणखी एक नियम होता आणि त्यात ते कोणाचं ऐकायचे नाहीत. आभार झाले की उठायचं. आभारानंतर बसून राहणं म्हणजे आभार मानणाऱ्याचा अपमान. शेवटचं वाक्य संपलं की ते आपली खुर्ची उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवायचे आणि चालू लागायचे. उलट आभार झाल्याशिवाय मात्र हलायचं नाही. एकदा खडवलीच्या एका शाळेत स्नेहसंमेलन होतं. मीही बरोबर गेले होते. प्रमुख पाहुणे इतकं बोलले की मुलं गेली, पालक गेले, शेवटी पाहुण्यांची गाडीही गेली आणि मुख्याध्यापक त्यांना पोचवायला गेले. राहिलो मी आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा असलेला शिपाई. काका मंचावर चढले आणि आम्हा दोघांसमोर त्यांनी सगळे आभार मानले. मुलांचे केस विंचरणाऱ्या बाईंपासून पडदा ओढणाऱ्या मुलापर्यंत एकही नाव गाळलं नाही. शिपायाने पहिल्यांदा घड्याळ बघितलं, मग किल्ल्या खिशात टाकल्या आणि खाली बसला.

"कोणासाठी बोललात?" मी परत येताना विचारलं.

"आभाराशिवाय सभा उघडी राहते," काका म्हणाले. "उघडं टाकून कसं यायचं?"

त्या शिपायाने मुख्याध्यापकांना काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या वर्षी शाळेने काकांचा सत्कार ठरवला. काका गेलेच नाहीत. शाल, नारळ, हार यांतलं काही त्यांनी आयुष्यात घेतलं नाही. शेवटी शाळेने काचेच्या चौकटीत घालून मानपत्र घरी पाठवलं. काकांनी ते न उघडताच माळ्यावर टाकलं.

आता इमारतीबद्दल सांगायला हवं. चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली, जुनी इमारत. तपासणी झाली आणि तरुण इंजिनिअरने सांगितलं की पिलर कमजोर झालेत, पावसाळ्याच्या आत सगळ्यांनी बाहेर पडा. पालिकेची नोटीसही दारावर लागली. लोकांनी ती वाचली आणि जिना चढून घरी गेले. एकदा बाहेर पडलं की परत येता येईल याची खात्री कोणाला होती? दिवाळीनंतर बघू, असं ठरू लागलं. आणि सगळ्यांत ठाम कोण, तर काका.

"तुम्ही जा. मी इथेच."

मी त्यांच्याशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "इथे मला मशीन लागत नाही. जिन्यात कोण चढतंय ते मला पायांत कळतं. मजला हलतो ना. तू येतेस तेव्हा दोनदा पटपट हलतो. तुझी आई येते तेव्हा दमाने हलतो. दुसरीकडे मला कोण आलं ते कसं कळणार?"

इंजिनिअर ज्याला धोका म्हणत होता, त्याच्यावरून काका माणसं ओळखत होते.

आणि गोष्ट त्यांच्या एकट्याची राहिली नव्हती. काका जात नाहीत म्हटल्यावर त्यांच्या समोरच्या दारातलं जोडपंही थांबलं, त्यांचं बाळ नुकतंच रांगायला लागलं होतं. "काका इतकी वर्षं राहतायत, त्यांना कळत नसेल का?" असं ती बाळाची आई मलाच विचारायची. मग तिसऱ्या मजल्यावरचे थांबले, मग चौथ्यावरचे. पाऊस जवळ येत होता आणि एका माणसाच्या हट्टावर सगळी इमारत भरलेली होती.

शेवटची सभा एका रविवारी सकाळी इमारतीसमोर, गणपतीचा मंडप घालतो त्या जागेत झाली. इंजिनिअर पोटतिडकीने बोलला, पण ते सगळं इंग्रजीत आणि आकड्यांत. काका गेटपाशी शेवटच्या खुर्चीत, मशीन डबीत. सेक्रेटरींनी हात वर करायला सांगितले, जायला तयार असलेल्यांचे हात इतके कमी होते की मोजायचीही गरज पडली नाही. मग ते सवयीने म्हणाले, "आता आभारप्रदर्शन काका करतील." काका हलले नाहीत. सेक्रेटरींनी खुणेने बोलावलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी उभी राहिले तेव्हा अर्धे लोक उठले होते. कंपनीतही त्या दिवशी लोक असेच उठले होते. पण या खेपेला मी सगळ्यांशी बोलणार नव्हते. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी इमारतीतल्या प्रत्येक घरात जाऊन आले होते, आणि काकांनी मला बघायला शिकवलं होतं.

"तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी," मी म्हटलं. वहिनी गेटकडे निघाल्या होत्या, त्या वळल्या. "तुमचे आभार मानायचे राहिले. हॉलमधलं घड्याळ तुम्ही इतकं खाली लावलंत की वेळ बघायला वाकावं लागतं. पण त्यामागची चीर मुलांना दिसत नाही. मुलं घाबरली नाहीत, ती तुमच्यामुळे."

वहिनींचा चेहरा पडला. कोणी तरी हसलं. मी पुढे गेले.

"चौथ्या मजल्यावरचे भाऊ, तुमचा फ्रिज दारातून आत शिरतानाच लागतो, त्याच्यामागे तुम्ही काय झाकलंय ते मी बघितलंय. आजी झोपतात त्या बाजूची भिंत आहे ती. तुमचे आभार. माझ्या आईचे आभार. तिने स्वयंपाकघरात एका ओळीत तीन कॅलेंडरं लावलीत, त्यातली दोन जुन्या वर्षांची आहेत." आता कोणी हसलं नाही. "बाळाच्या आईचे आभार. तिने पाळण्यावरच्या भिंतीला फुलांचा मोठा कागद चिकटवला. आपल्या प्रत्येकाला वाटलं, चीर आपल्याच घरात आहे. म्हणून प्रत्येकाने एकट्याने सांभाळली."

कोणी बसलं नव्हतं, पण कोणी चालतही नव्हतं. वहिनी भाऊंकडे बघत होत्या, भाऊ माझ्या आईकडे. बाळाच्या आईने बाळाला कडेवर घट्ट धरलं होतं.

"आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांचे आभार," मी म्हटलं. "त्यांनी आयुष्यात कधी सत्कार घेतला नाही. मानपत्र माळ्यावर टाकलं होतं. ते यंदा त्यांच्या भिंतीवर लागलंय. मी विचारलं तर म्हणाले, भिंत ओकीबोकी दिसत होती. चौकटीच्या खालून काय डोकावतंय ते मला दिसलंय."

सगळी माणसं वळली. एक एक मान फिरली आणि मागे, गेटपाशी, शेवटच्या खुर्चीकडे बघू लागली. इतकी वर्षं माना बघत आलेल्या माणसासमोर एकदम सगळ्यांचे चेहरे आले. काका गोंधळले. त्यांनी खिशातून डबी काढली, मशीन कानात घातलं. त्याचा बारीक शिट्टीसारखा आवाज माझ्यापर्यंत ऐकू आला.

"परत सांग गं," ते मोठ्याने म्हणाले. "काय म्हणालीस शेवटी?"

मी परत सांगितलं. मानपत्राचं, चौकटीखालच्या चिरेचं. त्यांनी मान खाली घातली. मला तिथेच थांबावंसं वाटलं, पण मध्येच थांबले असते तर सभा उघडी राहिली असती.

"एक नाव राहिलंय, काका. या इमारतीचं. आपली लग्नं, बारशी, भांडणं, कपाटं, सगळं तिने अंगावर घेतलं. इतकी वर्षं आपल्याला धरून ठेवलं. आता ती दमलीय. तिचे मनापासून आभार मानते आणि सभा संपली असं जाहीर करते."

काका बसूनच होते. त्यांनी वर, आपल्या खिडकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आपली खुर्ची उचलली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"आभार झाले," ते म्हणाले. "उठा आता सगळे."

बाळाच्या आईने विचारलं, "म्हणजे तुम्हीपण जाणार काका?"

"आभारानंतर बसायचं नसतं."

पावसाच्या आत इमारत रिकामी झाली. पुढे पालिकेने ती पाडली. कोणाला काही झालं नाही, त्यामुळे पेपरात कुठे बातमीही आली नाही.

काका आता माजिवड्याला पुतणीकडे असतात. इमारत नवी आहे, मजला खूप वरचा आहे आणि तो कोणाच्याही पावलांनी हलत नाही. कोण आलं ते त्यांना दार उघडल्यावरच कळतं. याबद्दल ते कुरकुरतात आणि कुरकुरताना मशीन कानात असतं. मी रविवारी जाते. रस्ताभर मनात जुळवाजुळव करते, की आज सांगायचंच. पायरीवर रडणाऱ्या मुलीला तुम्ही उभं केलंत, आज लोक माझं ऐकतात ते तुमच्यामुळे, माझी आई आणि ते बाळ सुखरूप आहेत ते तुम्ही शिकवलंत म्हणून. इतक्या सभांमध्ये बोलते, पण हे एवढं अजून बोलून झालेलं नाही.

गेल्या रविवारी निघायच्या आधी मी नीट बसले, घसा साफ केला.

"काका, तुमचे मनापासून..."

काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"नको. आभार मानलेस की उठावं लागेल तुला," ते म्हणाले. "आत चहा टाकलाय. बस अजून जरा."

मी बसले.